घरमालकिणीला पाच प्रश्न

३ नोव्हेंबर

मास्तरीणबाईंना मामाचा आशीर्वाद.

तुझ्या दादाच्या घरमालकिणीचं उत्तर काल आलं. पत्र जर्मनमध्ये आहे, हे मामीला तपासायला आलेल्या डॉक्टरांनी पाहून नक्की केलं. त्यापुढे त्यांनाही काही कळलं नाही. कागद उलटसुलट करून म्हणाले, "अक्षर मात्र बाईंचं छान आहे." ते मलाही दिसत होतं.

तुला माहीतच आहे, त्याने जाण्याआधी आईला लिहून दिलेल्या त्याच पत्त्यावर दोन वर्षं मी पत्रं टाकतोय. एकाचंही उत्तर नाही. शेवटी सप्टेंबरात छापखान्याच्या जुन्या मालकांकडून इंग्रजीत दोन ओळी लिहून घेतल्या आणि घरमालकाच्या नावे पाठवल्या. मी ह्या मुलाचा बाप, तो कुठे आहे ते कळवा, एवढंच. तर घरमालक नाही, घरमालकीण निघाली.

मूळ पत्र सोबत पाठवलंय. लगेच मराठी करून पाठव. तू तिकडे रोज संध्याकाळी लोकांना जर्मन शिकवतेस, तुला काय कठीण?

मामीचं म्हणशील तर खाट आता खिडकीशी सरकवली आहे. खालच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानातली भांडणं तिला ऐकू येतात, तेवढीच करमणूक. डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं की उन्हाळ्याचा भरवसा धरू नका. तिला हे सांगितलेलं नाही. ती रोज एकच विचारते, पोराचं काही कळलं का. तिच्या हयातीत तो दारात उभा राहावा, निदान त्याचा कागद तरी यावा, एवढं एक काम माझ्याकडे उरलं आहे.

आणि आणखी एक. मला चार प्रश्न विचारण्यापुरतं जर्मन शिकव. दर वेळी तुझ्या दारात कागद घेऊन यायला बरं वाटत नाही.

तुझा मामा


१० नोव्हेंबर

प्रिय मामा,

बाईंनी लिहिलंय ते असं: "तुमचं पत्र मिळालं. तो माझ्याकडे तीन वर्षं राहिला. शांत आणि नीटनेटका होता. मेमध्ये खोली सोडून दुसऱ्या गावी कामाला गेला. नवा पत्ता ठेवला नाही. त्याची एक बॅग माझ्या तळघरात आहे, ती न्यायला येईन म्हणाला. आपण कोण, ते कृपया नीट कळवावं."

म्हणजे दादा धडधाकट आहे, कामावर आहे आणि बॅग न्यायला येणार आहे. मामीला हे आजच सांग.

आता शिकवणी. वेर म्हणजे कोण, वो म्हणजे कुठे, वास म्हणजे काय, वान म्हणजे कधी. प्रश्नाचा शब्द आधी, मग क्रियापद, मग ज्याच्याबद्दल विचारायचं तो. वो वोन्ट एर, तो कुठे राहतो? वान कॉम्ट एर, तो कधी येतो? वर्गात पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकमेकांना हेच विचारायला लावते. मागे दोघीजणी होत्या, एकाच कचेरीत सहा वर्षं शेजारी बसणाऱ्या. एक दुसरीच्या मागच्याच गल्लीत राहते हे त्यांना माझ्या वर्गात कळलं. तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

दहा प्रश्न लिहून पाठव. लाल शाई भरून ठेवली आहे. उत्तर पाठवायची घाई करू नकोस, आधी थोडं शीक.

तुझी भाची


२१ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

दहाच्या जागी चौदा प्रश्न पाठवतोय. शुद्धलेखनाची चूक सापडली तर नाव बदलीन. छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले, त्यात निम्मा मजकूर मला न समजणाऱ्या भाषांतला होता. औषधांची पत्रकं, यंत्रांची माहितीपुस्तकं. आम्ही जुळारी वाचत नाही, बघतो. तुमच्या त्या अक्षरांवरच्या दोन ठिपक्यांची मला धास्ती नाही.

बोलण्याचं मात्र कठीण आहे. मामीवर सराव करतो. काल तिला विचारलं, "वो वोनेन झी?" अर्थ सांगितला, आपण कुठे राहता. म्हणाली, "तुमच्या डोक्यावर." मग वास माखेन झी, काय करता? "मरायची वाट बघते, आणि तुमचं तोंड बघते. दोन्ही लिहा." मी म्हटलं, एवढं मोठं वाक्य अजून झालेलं नाही.

बॅगेचं ऐकून ती खूश झाली. ही बॅग तिनेच घेऊन दिलेली, त्यामुळे तो ती टाकायचा नाही, असं तिचं म्हणणं.

एक अडचण आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शब्दकोश आणला, पण लांबलचक शब्द त्यात सापडत नाहीत. मामीच्या एका औषधाच्या खोक्यावर तसले दोनतीन आहेत. ते कसे फोडायचे?

तुझा मामा


२८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

चौदांत एकही चूक नाही. लाल शाई वाया गेली.

लांब शब्दांना घाबरायचं कारण नाही. ती माणसं दोन, तीन, हवी तेवढी नामं न शिवता एकमेकांना चिकटवतात. शेवटचा शब्द म्हणजे खरी वस्तू, आधीचे शब्द फक्त ती कसली ते सांगतात. म्हणून शेवटाकडून वाचायचं. हाउस म्हणजे घर, क्रांकेन म्हणजे आजारी माणसं, क्रांकेनहाउस म्हणजे आजाऱ्यांचं घर, आपलं इस्पितळ. श्लुसेल म्हणजे किल्ली, केलर म्हणजे तळघर, तर केलरश्लुसेल कसली किल्ली ते तूच सांग. हांटशू म्हणजे हाताचा जोडा, हातमोजा. आणि हा खास मामीसाठी: फिंगरहूट. बोटाची टोपी. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान.

मोठा शब्द दिसला की खिळे सोडवतोस तसा सोडव. तुकडे शब्दकोशात मिळतील.

मामा, एक विचारू? दादा जाताना तुमच्यात काही झालं होतं का? आई म्हणते, तो स्टेशनवर निघाला तेव्हा तू घरीच होतास. राग मानू नकोस. त्याच्याकडून एवढी वर्षं एक ओळ येऊ नये, ह्याचा उलगडा होत नाही.

तुझी भाची


१५ डिसेंबर

चिमणे,

फिंगरहूट ऐकून मामी पोट धरून हसली आणि मग तिला खोकला लागला. आता अंगुस्तान बोटात घालूनच झोपते. शिवत काही नाही. दुकानांचे पडदे आणि अभ्रे शिवायचं बंद झालं त्याला आता वर्ष होईल.

औषधाच्या खोक्याचं मी तुला खोटं सांगितलं. लांब शब्द घरमालकिणीच्या पत्रातले होते.

मूळ मजकूर नक्कल केल्याशिवाय हातातून जाऊ द्यायचा नाही, ही छापखान्यातली सवय. तुला पाठवण्याआधी मी ते पत्र जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं, ओळीला ओळ, ठिपक्याला ठिपका. त्यात तुझ्यावर संशय वगैरे काही नव्हता. संशय नंतर आला. बाईंचं पत्र एकोणतीस ओळींचं, तुझं मराठी सहा ओळींचं. एका भाषेतला मजकूर दुसरीत जाताना थोडा फुगतो, थोडा आटतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? पण इतका आटत नाही.

तीन आठवडे लागले. लांब शब्दांनी घाम काढला. खिडकीशी बसून एकेक फोडला. तळघराची किल्ली, घरात शिरण्याचं दार, रविवारचा दुपारचा चहा, जो बाई त्याला आग्रहाने पाजायच्या. सगळं निघालं. आणि जे वाक्य तू गाळलंस त्यात एकही लांब शब्द नव्हता. शेवटचा तर त्यांच्या लिपीत तीन अक्षरांचा. टोट, म्हणजे मेलेले. तो शोधायला एक मिनिट लागलं.

"त्याने मला सांगितलं आहे की त्याचे आईवडील वारले. मग आपण कोण?"

तू गाळलंस ते चांगल्या मनाने, हे मला कळतं. तुझ्या जागी मीही गाळलं असतं. रागावलेलो नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो गेला त्या आठवड्यात तुझ्या मामीचं पहिलं ऑपरेशन झालं होतं. ती इस्पितळात, त्याचं तिकीट पाच दिवसांवर. मी म्हटलं, पुढे ढकल. तो म्हणाला, कामाची जागा थांबायची नाही. निघायच्या दिवशी तो दारात बुटाची नाडी बांधत होता आणि मी म्हटलं, "जातोस तर जा. आईबाप मेले असं समज."

तो खाली बघूनच "बरं" म्हणाला. दुसऱ्या पायाची नाडी बांधली आणि गेला.

म्हणजे तो त्या बाईंशी खोटं बोललेला नाही. मी सांगितलं तेच त्याने पुढे सांगितलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मामीला माहीत नाही आणि तिला ते कळता कामा नये. तिला वाटतं, तो आळशी आहे.

तुझा मामा


१९ डिसेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र वर्गाच्या आधी वाचलं आणि वर्ग रद्द केला. चुकले. मला वाटलं, तू प्रश्न गिरवत बसशील, तोवर मी काही मार्ग काढीन. मार्ग कसला, ते मलाही माहीत नव्हतं.

पण आता थांबायला नको. बाईंना स्पष्ट लिहू या. तू बाप आहेस, आई जिवंत आहे, आजारी आहे. त्याचा शाळेचा दाखला आणि तुम्हा तिघांचा फोटो जोडू या. रागात बोललेल्या एका वाक्याला कोणी असं आयुष्यभर धरून बसतं का? त्यालाही ऐकायचं असेल की ते रागातलं होतं. तू हो म्हण, मी मसुदा करते. आईला काही सांगितलेलं नाही.

तुझी भाची


३० डिसेंबर

चिमणे,

तू सांगतेस ते शहाणपणाचं आहे. मी ते करणार नाही.

विचार कर. तो बॅग न्यायला त्या घरी जाणार. बाई दार उघडून म्हणणार, अरे, तुझे आईवडील तर जिवंत आहेत, हा बघ फोटो. परक्या मुलखात ज्या एका घरात त्याला रविवारी कोणी चहा देतं, तिथे तो खोटारडा ठरणार. मग तो जिन्यावरूनच परत फिरेल, बॅगसुद्धा न घेता. मी त्याला ओळखतो. नाडी बांधताना तो मान वर करत नाही.

म्हणून मी वेगळं पत्र लिहिलं आहे. मसुदा सोबत आहे. त्यात मी त्याचा बाप नाही, नाखबार आहे. शेजारी. लिहिलंय की आधीचं इंग्रजी पत्र दुसऱ्याने लिहून दिलं होतं, त्यात चुकून बाप असं पडलं, माफ करा. आमच्या धंद्यात ह्याला शुद्धिपत्र म्हणतात. चाळीस वर्षांत शेकडो जुळवली. बरोबर शब्दाचं शुद्धिपत्र काढायची ही पहिली वेळ.

पुढे तुझ्या शिकवणीतले पाच प्रश्न. तो बरा आहे का? कुठे राहतो? काय काम करतो? एकटा आहे का? कधी येणार?

शेवटी एक ओळ आहे: माझी बायको आजारी आहे. शेजाऱ्याची बायको आजारी असू शकते, बाईंना त्यात काही वावगं दिसणार नाही. पण पत्र त्याच्या हातात पडलं तर माझं अक्षर तो ओळखेल. मीच त्याला गिरवायला शिकवलंय. मग त्याला हवं ते त्याने समजावं. यायचं असेल तर वाट मोकळी, नसेल तर त्याला कोणासमोर मान खाली घालायला नको.

फक्त भाषा सुधार. मजकुराला हात लावू नकोस.

तुझा मामा


६ जानेवारी

मामा,

तीन ठिकाणी शब्दांचा क्रम बदलला, बाकी काही नाही. "शेजारी" वर मी दोन दिवस पेन धरून बसले होते. खोडला नाही.

बाईंना एवढंही लिहिलंस की पत्र त्याच्या हातात द्या, हे बरं केलंस. स्वच्छ उतरवून पाठव. मामीला माझा नमस्कार सांग. फिंगरहूटच्या बाईंना, असं म्हण.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

मामा,

महिना झाला, तुझं पत्र नाही. काल सायकलवाल्याकडे फोन केला होता. तो म्हणाला, "म्हातारे वर आहेत, डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येतात, हाक मारू का?" मी म्हटलं, नको. तिकडून काही आलं का? मी निघून येऊ का? दोन ओळी तरी टाक.

तुझी भाची


२४ फेब्रुवारी

चिमणे,

बाईंचं उत्तर आठ दिवसांपूर्वी आलं. ह्या वेळी मी कोणाला दाखवलं नाही, स्वतःच वाचलं. दोन दिवस लागले. तू चांगली शिक्षिका आहेस.

तो फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी बॅग न्यायला आला होता. बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि माझं पत्र हातात ठेवलं. लिहितात की त्याने ते उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. पुष्कळ वेळ घेतला, "एवढं लहान पत्र असून". चहा तसाच राहिला.

मग त्याने बाईंना सांगितलं की हा शेजारी चांगला माणूस आहे, माझ्या आईवडिलांसाठी त्याने पुष्कळ केलं. त्याला माझा नमस्कार कळवा. त्याच्या बायकोला लवकर बरं वाटो. पण तिकडे आता माझं कोणी नाही, म्हणून यायचं कारण नाही.

बाईंनी पत्ता मागितला. म्हणाला, जागा अजून पक्की नाही, मी कळवीन. बॅग उचलली, पत्र टेबलावर ठेवलं आणि गेला. बाईंनी ते मला परत पाठवलंय, तुमच्याकडे असलेलं बरं म्हणून. एका घडीवर ओलं बोट लागल्यासारखी शाई पसरली आहे. ती त्याची की टपालातली, हे मी ठरवत बसलेलो नाही.

बाईंचं वय झालंय. घर विकून मार्चमध्ये लेकीकडे राहायला चालल्या आहेत. म्हणजे तोही पत्ता संपला. पाचही प्रश्नांची उत्तरं मिळाली म्हणायची. बरा आहे. कुठे राहतो, सांगायचं नाही. काम आहे. एकटा आला होता. येणार नाही.

तू म्हणशील, तेव्हाच फोटो पाठवायला हवा होता. असेलही. मी त्याला वाट मोकळी ठेवली आणि तो त्याच वाटेने निघून गेला. मला त्यात चूक सापडत नाही आणि हाताला दुसरं कामही सापडत नाही.

आता मामीचं. तिला मी पत्रातलं एकच वाक्य वाचून दाखवलं, लवकर बरं वाटो. म्हटलं, तुला कळवलंय. हे खोटं नाही. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, बाकी कामाचं आहे. ती म्हणाली, "कधी येतो ते विचारलं होतंत ना? वान कॉम्ट एर. मला पाठ आहे तुमचं." मी म्हटलं, त्याचं उत्तर नीट लागत नाही, शब्द लांब आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पत्र मागून घेतलं. तेव्हापासून ते तिच्या उशीखाली आहे, म्हणून ह्या वेळी मूळ पत्र तुला पाठवत नाही. "तुम्हाला वाचता येत नाही," म्हणाली, "पोरगी वाचेल. तिचा तर तोच धंदा आहे. तिला बोलवा."

काल ती चमचाभर पाणी प्यायली. डॉक्टरांनी औषधं थांबवली आहेत, फक्त दुखण्याचं इंजेक्शन ठेवलंय. ते सोमवारी सकाळी येतील. त्याच्या पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तू रविवारच्या गाडीने ये. दुपारी तिला दोन तास बरं असतं, तेव्हा ती तुला खाटेवर बसवील, पत्र तुझ्या हातात देईल आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सांगेल. पत्र एकवीस ओळींचं आहे. तिला मोजता येतात. काय वाचायचं ते मी तुला सांगणार नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरात असेन, दार उघडं असेल.

मामा